‘एकदाच घ्या, भारीतलं घ्या’ या सल्ल्याविरुद्ध

पुण्या-मुंबईतल्या, नाशिक-कोल्हापुरातल्या कुठल्याही रनिंग ग्रुपमध्ये एखाद्यानं ‘ट्रायथलॉन करायचा विचार आहे, घड्याळ कुठलं घेऊ?’ असं विचारायचा अवकाश, पहिलं उत्तर ठरलेलं असतं: एकदाच घ्या, पण भारीतलं घ्या. उत्तर देणारी मंडळी वाईट नसतात. त्यातले बरेच जण गोव्याच्या ट्रायथलॉनमध्ये मिरामारच्या समुद्रात पोहून, सायकल हाणून, उन्हात धावून आलेले असतात, आणि नवख्याचे पैसे दोनदा जाऊ नयेत अशीच त्यांची इच्छा असते. तरीही हा सल्ला चुकीचा आहे. आणि तो इतक्या ठामपणे, इतक्या वेळा दिला जातो की त्याचा मुद्देसूद प्रतिवाद करायलाच हवा.

सल्ल्यामागचा युक्तिवाद असा: साधं घड्याळ वर्षभरात अपुरं पडतं, मग महागडं घ्यावंच लागतं, म्हणजे शेवटी स्वस्तातलंच महागात पडतं. ऐकायला हे पटतं. पण ‘अपुरं पडतं’ म्हणजे नेमकं काय होतं, हे कुणी सांगत नाही.

स्प्रिंट ट्रायथलॉनमध्ये ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं असतं. ऑलिंपिक अंतरात हेच आकडे दीड, चाळीस, दहा किलोमीटर. हाफ आयर्नमॅनला १.९, ९० आणि २१.१, पूर्ण आयर्नमॅनला ३.८, १८० आणि ४२.२. अंतर पाचपट ते नऊपट वाढतं, घड्याळाचं काम मात्र तेच राहतं. पोहणं, कपडे बदलून सायकलवर चढणं, सायकल, परत बूट बदलणं आणि धावणं हे सगळं एका नोंदीत सलग टिपायचं. वेग, ठोके आणि सायकलला पॉवर मीटर असेल तर पॉवर दाखवायची. संपल्यावर तो सगळा तपशील फोनवर द्यायचा. स्प्रिंट करणाऱ्याला जेवढं लागतं तेवढंच आयर्नमॅनला लागतं. फरक पडतो तो फक्त बॅटरीत. पूर्ण आयर्नमॅनला साधारण १७ तासांची मुदत असते, हाफला साडेआठच्या आसपास.

म्हणून बॅटरीचा हिशेब तेवढा चोख करावा. गार्मिनचं फोररनर ७३५ एक्सटी हे २०१६ सालचं ट्रायथलॉनचं घड्याळ. जीपीएस चालू ठेवून ते जास्तीत जास्त १४ तास चालेल असं कंपनी सांगायची. हाफला ते उत्तम, पण पूर्ण आयर्नमॅनला पंधरा-सोळा तास लावणाऱ्या हौशी माणसाला ते शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये सोडून जाणार. त्याच्याआधी २०१४ मध्ये आलेलं ९२० एक्सटी मात्र २४ तासांचं. आणि २०२३ मध्ये २२९ डॉलरला आलेलं कोरोसचं पेस ३ हे घड्याळ ३८ तासांचा दावा करतं. हे सगळे आकडे नव्या बॅटरीचे. त्यातून थोडे वजा धरा, तरी सतरा तासांना पेस ३ पुरून उरतं. म्हणजे ‘अपुरं पडतं’ हा युक्तिवाद ज्या एकाच खऱ्या मुद्द्यावर उभा होता, तो स्वस्तातल्या घड्याळांनी कधीच निकालात काढला आहे.

मग वरच्या किमतीत मिळतं काय? हे जरा सविस्तर बघण्यासारखं आहे, कारण वाद सगळा इथेच आहे. फोररनर ९७० हे २०२५ मध्ये ७५० डॉलरला आलं. फेनिक्स ८ ची किंमत २०२४ मध्ये हजार डॉलरपासून सुरू झाली. कोरोसच्या तुलनेत तिप्पट-चौपट. या जादा पैशांत रंगीत नकाशे येतात, गाणी साठवायची जास्त चांगली सोय मिळते, मनगटावरून फोनवर बोलता येतं, रात्री वापरायला टॉर्च येतो, नीलमण्याची काच येते. फेनिक्स ८ घालून तर ४० मीटर खोल डायव्हिंगही करता येतं. ट्रायथलॉनमध्ये पोहताना कुणी चाळीस मीटर खोल गेला, तर त्याची काळजी घड्याळ नव्हे, जीवरक्षक करतील.

यातल्या किती गोष्टी स्पर्धेत चालतात ते पाहा. आयर्नमॅनच्या नियमांत इअरफोनला बंदी आहे. म्हणजे गाणी साठवायची सोय स्पर्धेच्या दिवशी कामाची नाही. लक्ष विचलित होईल अशा रीतीनं फोन किंवा स्मार्टवॉचवरून संपर्क साधायलाही मनाई आहे. म्हणजे मनगटावरून बोलायची सोयही गेली. मार्ग आखलेला असतो, वळणावळणावर स्वयंसेवक हात दाखवत उभे असतात; म्हणजे नकाशाही गेला. आणि अधिकृत वेळ तर घोट्याला बांधलेल्या चिपवरून ठरते. राहिला टॉर्च. तो पहाटे चारला सायकलपाशी जाताना उपयोगी पडतो हे मान्य, पण तेवढ्यासाठी पाचशे डॉलर जास्त?

सरावात उपयोग होतो, असं यावर म्हटलं जाईल. होतो, थोडा. सह्याद्रीत अनोळखी वाटांवर धावणाऱ्याला नकाशा हवाच. पण तो ट्रेल रनर आहे; त्याची गरज वेगळी, त्याचं घड्याळ वेगळं. मुळशीच्या किंवा सिंहगडाच्या रस्त्यावर दर रविवारी तोच घाट चढणाऱ्याला नकाशा लागत नाही.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप: अचूकता. महाग घड्याळ जास्त अचूक असतं, आणि आकडेच चुकले तर सराव कसला? मला हा आक्षेप महत्त्वाचा वाटतो. त्याला उत्तर मात्र ‘महाग घ्या’ हे नाही.

मनगटावरचं घड्याळ त्वचेत हिरवा प्रकाश सोडतं आणि परत येणाऱ्या प्रकाशातल्या चढउतारांवरून ठोके मोजतं. शांत बसलेल्या माणसाचे ठोके ते छान मोजतं. धावताना हात हलतो, घड्याळ उसळतं, आणि पुष्कळदा ते हृदयाऐवजी पावलांची लय पकडतं. मग सावकाश धावतानाही ठोके १७५ दिसतात आणि माणूस घाबरून चालायला लागतो. सायकलवर मनगट वाकलेलं असतं आणि खड्ड्यांची थरथर थेट सेन्सरपर्यंत जाते. पोहताना सेन्सर आणि त्वचा यांच्यामध्ये पाणी शिरतं. नवे सेन्सर सुधारले आहेत, हे खरं. पण हजार डॉलरच्या घड्याळालाही याच अडचणी आहेत, आणि वजन त्यात भरच घालतं. स्टीलच्या ४७ मिलिमीटर फेनिक्स ८ चं वजन ८० ग्रॅमच्या आसपास. पेस ३ कापडी पट्ट्यासकट ३० ग्रॅम. बारीक मनगटावर, त्यातही स्त्रियांच्या, कुठलं जास्त उसळेल हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

ठोके अचूक हवे असतील तर छातीला पट्टा बांधा. तो प्रकाशावर नाही, हृदयाच्या विद्युत्-संकेतावर चालतो. फिनलंडच्या पोलर कंपनीनं अंगावर घालायचा बिनतारी हृदयगतिमापक १९८२ मध्ये बाजारात आणला, आणि ती मूळ कल्पना आजही सर्वांत विश्वासार्ह आहे. हवाईची आयर्नमॅन जागतिक स्पर्धा सहा वेळा जिंकणारे मार्क ॲलन हे प्रशिक्षक फिल मॅफेटोन यांच्या सल्ल्यानं ठोक्यांची मर्यादा पाळून सराव करायचे, तेही ऐंशीच्या दशकात, जेव्हा घड्याळात जीपीएस नावाचा प्रकारच नव्हता. आजचा पट्टा काही हजार रुपयांत मिळतो. साधं घड्याळ आणि चांगला पट्टा ही जोडी, ठोक्यांच्या बाबतीत, पट्ट्याविना महागड्या घड्याळाला हरवते. पाण्याखाली बिनतारी संकेत जात नाही, म्हणून पोहतानाचे ठोके हवे असतील तर स्वतःच्या स्मृतीत नोंद साठवणारा पट्टा बघावा, तो मिळतो. खरं सांगायचं तर पोहताना ठोक्यांपेक्षा भिंतीला लागायला किती सेकंद लागले हेच जास्त बोलकं असतं.

जीपीएसचंही तसंच. दोन वारंवारतांवर चालणारं जीपीएस उंच इमारतींच्या आणि दाट झाडीच्या भागात अधिक नेमकं असतं, यात शंका नाही. पण ते आता महागड्यांची मक्तेदारी राहिलेलं नाही. पेस ३ मध्ये आहे, २०२२ च्या फोररनर २५५ मध्येही आहे. शिवाय पोहताना उपग्रहाचा संकेत पाण्यात शिरत नाही. हात पाण्याबाहेर येतो तेवढ्या क्षणात घड्याळाला जागा पकडावी लागते, म्हणून समुद्रातल्या पोहण्याची रेघ कुठल्याही घड्याळावर वाकडीतिकडी दिसते. मिरामारला लाटेत बोया दिसत नसेल तर डोकं वर काढून दिशा बघायची सवय कामाला येते, उपग्रह नाही. धावण्याचा मार्ग सर्वांत जवळच्या रेषेनं मोजलेला असतो आणि आपण वळणांवर बाहेरून जातो, म्हणून घड्याळात २१.१ ऐवजी २१.४ दिसतात, तो घड्याळाचा दोष नव्हे. तलावात तर जीपीएस नसतंच, हाताच्या हालचालीवरून फेऱ्या मोजल्या जातात. तिथे तलावाची लांबी बरोबर भरली नाही तर पन्नास हजारांचं घड्याळही चुकीचंच अंतर देणार. सोसायट्यांमधले आखूड, मूत्रपिंडाच्या आकाराचे तलाव तर बहुतेक घड्याळं स्वीकारतच नाहीत. त्यांत पोहून ट्रायथलॉन होतही नाही, हा भाग वेगळा.

अचूकतेनंतर येतो ‘मार्गदर्शना’चा मुद्दा. महाग घड्याळ म्हणे प्रशिक्षकाचं काम करतं: आज सरावाला किती तयार आहात, किती तास विश्रांती घ्या, शर्यत किती वेळात पूर्ण कराल. हे आकडे पोकळ नाहीत. फर्स्टबीट ॲनालिटिक्स या फिनलंडच्या कंपनीनं त्यामागचं बरंच शरीरशास्त्र विकसित केलं आणि २०२० मध्ये गार्मिननं ती कंपनीच विकत घेतली. पण हे सगळे अंदाज ठोके, वेग आणि झोप यांच्यावर उभे असतात. ठोके मनगटावरून चुकीचे आले की पुढचं सगळं गणितही त्याच दिशेनं चुकतं, फक्त दिसतं जास्त सुबक. ऑक्टोबरच्या गोव्यात घामानं निथळत धावताना त्याच वेगाला ठोके सहज वाढतात. अशा वेळी ‘तंदुरुस्ती घसरली’ असा शेरा वाचून खचणारी माणसं मी पाहिली आहेत. रात्री मूल आजारी होतं म्हणून झोप झाली नाही, हे घड्याळानं सकाळी ३४ गुण देऊन सांगायची गरज नसते. आणि गंमत म्हणजे यातले कामाचे आकडे, आठवड्याचा भार, रात्रीचा ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार, आता मधल्या आणि खालच्या किमतीतही मिळतात. वरच्या पायरीवर त्यांची फक्त संख्या वाढते.

हे वाचून काही जण दुसऱ्या टोकाला जातील. त्यांचं म्हणणं, १९७८ मध्ये हवाईच्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केली, गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटांत पहिला आला. कुणाच्या मनगटावर काय होतं? (दुसरा आलेल्या जॉन डनबारच्या मदतनीसांकडचं पाणी संपलं तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. तीही परंपरा कुणी पुढे चालवत नाही.) त्या काळाचं कौतुक मलाही आहे, पण नोकरी सांभाळून आठवड्यात आठ-दहा तास काढणाऱ्या माणसाला आज नोंदींचा खरा उपयोग होतो. सायकलवर सुरुवातीलाच जास्त जोर लावला की धावताना पाय संपतात; ते आदल्या महिन्याच्या नोंदीत स्वच्छ दिसतं. घड्याळ हवं. साधं हवं.

आणि साधं म्हणजे सर्वांत स्वस्त नव्हे, इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडायचं आहे. दोन-तीन हजारांत मिळणारी, ‘शंभर खेळ’ असं खोक्यावर छापलेली, कॉल घेणारी स्मार्टवॉच ट्रायथलॉनच्या कामाची नाहीत. त्यांतल्या अनेकांत स्वतःचं जीपीएस नसतं, फोन खिशात लागतो. छातीचा पट्टा जोडता येत नाही. ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही. धूळ-पाण्याच्या नुसत्या आयपी मानांकनावर पोहायला जाऊ नये. निदान ५ एटीएम, म्हणजे ५० मीटर पाण्याएवढ्या दाबाचं मानांकन हवं. ही घड्याळं घेणाऱ्यालाच पुढे दुसरं घ्यावं लागतं, आणि ‘एकदाच भारी घ्या’वाल्यांना उदाहरण मिळतं.

नामवंत कंपन्यांच्या स्वस्त घड्याळांतही एक खाच आहे. गार्मिनचं फोररनर ५५ किंवा २०२४ चं १६५ ही धावण्यासाठी छान घड्याळं आहेत, पण दोन्हींत ट्रायथलॉनचा मोड नाही. १६५ ला सायकलचा पॉवर मीटरही जोडता येत नाही. हे तांत्रिक कारणानं नाही. २०१२ मध्ये बाजारात आलेलं ९१० एक्सटी हे सगळं करायचं. कंपनीनं ते ठरवून वरच्या पायरीवर ठेवलं आहे. ग्राहकानं म्हणून किंमत बघायच्या आधी ही एक ओळ बघावी. हा मोड नसेल तर पोहून बाहेर आल्यावर एक नोंद थांबवा, जपून ठेवा, दुसरी सुरू करा, उपग्रह सापडेपर्यंत थांबा. असेल तर एक बटण दाबायचं, सायकल सुरू. परत दाबायचं, धावणं सुरू. मधल्या दोन बदलांचा वेळही वेगळा मिळतो, आणि नवख्यांची पाच-सात मिनिटं तिथेच सांडलेली असतात.

आणखी एक युक्तिवाद राहिला, तो कुणी उघड बोलत नाही: महाग वस्तू घेतली की सराव नियमित होतो. काहींचा होत असेल. पण मग पहिल्या सहा महिन्यांत सोडून देणाऱ्यांची हजार डॉलरची घड्याळं ऑफिसच्या बैठकांत सूचना दाखवत फिरतात, त्याचं काय?

त्या वाचलेल्या पैशांत जे करता येतं ते घड्याळाच्या कुठल्याही मोडपेक्षा मोलाचं आहे. आपल्याकडे ट्रायथलॉनकडे वळणारे बहुतेक जण धावण्यातून येतात आणि पस्तिशी-चाळिशीत नीट फ्रीस्टाइल शिकतात. त्यांचा श्वास, कोपर आणि पाय चुकत असतात. तलावाच्या काठावर उभा राहून, स्टॉपवॉच हातात घेऊन ओरडणारा चांगला प्रशिक्षक तीन महिन्यांत जो फरक पाडतो तो मनगटावर येत नाही. दुसरा खर्च सायकल नीट बसवून घेण्याचा, म्हणजे बाइक फिटचा. ९० किलोमीटरनंतर पाठ आणि गुडघा शाबूत राहिले तरच पुढचे २१ धावता येतात. तिसरा, छातीचा पट्टा. या तिन्ही गोष्टींची बेरीज करूनही फेनिक्सच्या आणि साध्या मल्टिस्पोर्ट घड्याळाच्या किमतीतली तफावत बहुधा संपत नाही.

अमेरिकेतला मावसभाऊ डिसेंबरात येताना आणणार असेल तर त्याला यादी देण्याआधी एक चौकशी करा: त्या कंपनीची दुरुस्ती भारतात होते का, आणि तिकडच्या खरेदीची हमी इकडे चालते का. हमी देशागणिक बदलू शकते, आणि बंद पडलेलं स्वस्त घड्याळ कुणाच्याच फायद्याचं नसतं.

आता विनंती त्यांना, ज्यांच्या सल्ल्याविरुद्ध हे लिहिलं. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर मॉडेलचं नाव सांगण्याआधी त्याला चार गोष्टी विचारा: कुठल्या अंतराची शर्यत, ती पूर्ण करायला अंदाजे किती तास, सायकलला पॉवर मीटर आहे का, पट्टा बांधायची तयारी आहे का. आणि या उत्तरांना पुरेसं पडणारं, ट्रायथलॉन मोड, खरी बटणं आणि ५ एटीएम असलेलं जे सर्वांत स्वस्त घड्याळ असेल ते सुचवा. तुम्ही नवं घेतल्यावर जुनं ९२० एक्सटी किंवा ७३५ एक्सटी कपाटात पडून असेल, बॅटरी तग धरत असेल, तर ते त्या नवख्याला पहिल्या हंगामासाठी वापरायला द्या. स्प्रिंट आणि ऑलिंपिक अंतरासाठी त्याला दुसरं काहीही विकत घ्यावं लागणार नाही.